काटकपणाची दंतकथा

मराठी साहित्यातला मावळचा म्हातारा ठरलेला असतो. सडपातळ, पायांच्या काड्या, डोंगर चढताना धाप नाही. गो. नी. दांडेकरांचा 'माचीवरला बुधा' आम्हां सगळ्यांना प्रिय आहे. मुंबई सोडून राजमाचीवर परतलेला तो म्हातारा विसरता येत नाही. राजमाची बोरघाटाकडची, पण राजगड-तोरण्याखालच्या भोर-वेल्ह्याच्या माणसाकडेही मराठी वाचक त्याच नजरेने पाहत आला. 'काटक' म्हटले की विचारणे संपते. हा माणूस इतका बारीक का, हा प्रश्न समीक्षेनेही विचारलेला नाही.

भूक मराठीत आली ती आत्मकथनांतून. 'बलुतं' 1978 चे, आनंद यादवांची 'झोंबी' 1987 ची. पोटातल्या आगीचे इतके प्रामाणिक लेखन दुसरीकडे क्वचितच सापडेल. पण या परंपरेत भूक ही बहुधा ओलांडून आलेली गोष्ट असते. मुलगा शिकतो, नोकरीला लागतो, भूक मागे पडते. लेखकाच्या आठवणीत ती दुःख म्हणून उरते. साठीनंतरच्या त्याच्या शरीरात ती काय म्हणून उरली, हे प्रकरण सहसा लिहिलेच जात नाही.

ते प्रकरण डॉक्टरांनी लिहिले. इंग्लंडात हर्टफर्डशायर परगण्यात 1911 पासून सुईणी आणि आरोग्यसेविका बाळांची वजने वहीत उतरवत होत्या. डेव्हिड बार्कर यांनी त्या जुन्या वह्या उघडल्या, तेव्हा कमी वजनाने जन्मलेल्यांत उतारवयात हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण जास्त दिसले. आमच्या पुण्यात केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून जिल्ह्यातल्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास मांडला. ही गावे भोर-वेल्ह्यातली नव्हेत, पण तिथल्या आया ओळखीच्या वाटतात. गरोदरपणाआधी वजन सरासरी 42 किलोच्या आसपास, बाळ पावणेतीन किलोच्या आतबाहेर. इंग्लंडातल्या बाळाशी तुलना करता हे बाळ हाडामांसाने बरेच कमी, चरबी मात्र बऱ्यापैकी राखून असलेले. दिसायला किडकिडीत, आतून मधुमेहाकडे झुकलेले. आमच्या 'काटक' शब्दाचा पाया इथेच हलतो.

त्याच अभ्यासातल्या आणखी दोन गोष्टी साहित्याच्या वाचकाने लक्षात ठेवाव्यात. गरोदरपणी जास्त अंगमेहनत करणाऱ्या बायांची बाळे लहान भरली. हिरव्या पालेभाज्या, फळे वारंवार खाणाऱ्यांची मोठी. आता भोर-वेल्ह्याचा आषाढ डोळ्यांसमोर आणा. कणगी तळाला गेलेली, पाऊस कोसळतो आहे, आणि इरले घेतलेली बाई दिवसभर चिखलात वाकून भात लावते. या लावणीची हिरवी वर्णने मराठी कवितेत मुबलक आहेत. वाकलेल्या बाईला कितवा महिना आहे, हे कवी विचारत नाही. उलट 'रानभाजीवर दिवस काढले' हे वाक्य आपण नेहमी हलाखीची खूण म्हणून वाचतो. कदाचित त्या बाईच्या ताटातले तेवढेच बाळाच्या उपयोगाचे असेल!

या मुलखाच्या ताटातून गेलेलेही मोजायला हवे. भोरच्या वेळवंडी नदीवर इंग्रजांनी भाटघरचे धरण बांधले. त्या पाण्याने नीरेच्या कालव्यावर बारामती-फलटणचा ऊस पिकला. वेल्ह्यात पानशेत, वरसगाव झाली. पानशेत 12 जुलै 1961 रोजी फुटले, आणि मराठीत त्याबद्दल जे लिहिले गेले ते पुण्याच्या पुराचे. ज्या खोऱ्यातली भाताची खाचरे त्या धरणाखाली गेली, तिथली तेव्हाची पाच वर्षांची पोरे आज सत्तरीच्या घरात आहेत. त्यांचे म्हातारपण कुणी लिहिले?

बालपण म्हणजे भोग, असे मात्र कुणी वाचू नये. बार्करांचे म्हणणे शक्यतेचे आहे; पुढचे अन्न, शाळा, दवाखाना यांनी पारडे फिरते. नशिबाच्या नावाने ठेवलेल्या गोष्टी आमच्या समाजात आधीच पुष्कळ आहेत.

आमचे मुस्लिम मराठी लेखनही वेगळे नाही. तलाक, दंगल, ओळख, भाषा यांवर आम्ही लिहिले, आणि ते लिहिणे भागच होते. मेहरुन्निसा दलवाईंचे 'मी भरून पावले आहे' 1995 मध्ये आले, म्हणजे पासष्टीच्या बाईचे ते कथन. तरी आमच्या कथेतली दादी अजून तसबीह ओढत कोपऱ्यात बसलेलीच. तिला नमाजेला खुर्ची लागते, साखर वाढल्याने रोजा सोडावा लागतो आणि त्याचे तिला वाईट वाटते, हे घराघरांत आहे, कथेत क्वचित. गावगाड्यातल्या मुलाणी-तांबोळ्याच्या घरात वाढताना तिच्या वाट्याला दूध किती आले, भावाच्या मागून किती उरले, हे तिला विचारणारा लेखक आम्हांला हवा आहे.

विचारायचे कसे, तेही सांगतो. जन्मतारीख विचारून उपयोग नाही. शाळेच्या दाखल्यावर बहुतेकांचा 1 जून असतो. पानशेत फुटले तेव्हा तू केवढी होतीस, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा लग्न झाले होते का, बहात्तरच्या दुष्काळात कडेवर कोण होते, असे विचारावे. आणि मग, तेव्हा घरात काय शिजत होते.