पश्चात्तापाविना आशा : ‘स्पिरिट इन द स्काय’ या गीताविषयी

प्रभू येशूचे नाव असलेले एखादे गीत बाजारात गाजले की आपल्यात दोन तट पडतात. एक तट आनंदाने म्हणतो की, अखेर जगालाही प्रभूचे नाव घ्यावे लागले. दुसरा नाक मुरडून म्हणतो की, तबकड्या खपविण्यासाठी गायिलेली भक्ती ती कसली! हे दोन्ही अभिप्राय गीत न ऐकताही देता येतात. म्हणून नॉर्मन ग्रीनबाम यांच्या ‘स्पिरिट इन द स्काय’ या ब्लूज-रॉक गीताकडे आम्ही त्याचे शब्द व त्याचे संगीत यांच्या आधारेच पाहू इच्छितो. १९६९ च्या अखेरीस निघालेल्या या गीतातील गायक आपल्या मरणाविषयी बोलतो, येशूला मित्र म्हणतो आणि स्वर्गात जागा मिळेल अशी ग्वाही देतो.

गीताचा कर्ता ख्रिस्ती नव्हे. ग्रीनबाम यांचा जन्म १९४२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, मॉल्डन येथे एका परंपरानिष्ठ ज्यू कुटुंबात झाला. १९६६ मध्ये त्यांच्या वाद्यवृंदाचे शिकागो शहर गिळणाऱ्या वांग्याविषयीचे एक गमतीदार गीत थोडेफार गाजले होते. पुढे एकदा दूरचित्रवाणीवर पोर्टर वॅगनर हे कंट्री गायक भक्तिगीत गाताना त्यांनी पाहिले आणि असे गीत आपणही लिहू शकू, असे त्यांना वाटले. त्यांच्याच सांगण्याप्रमाणे शब्द लिहावयास पाव तास लागला. बालपणी पाहिलेल्या काऊबॉयपटांचाही त्यात वाटा होता. त्या चित्रपटांतील दुष्ट माणसे गोळी लागून कोसळताना पायांतील बुटांसह मरण यावे अशी इच्छा करीत, आणि त्या इच्छेत ग्रीनबाम यांना काही आध्यात्मिक जाणवले. हा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो आपल्या उपयोगी पडणार आहे.

शब्द पाव तासात झाले असले तरी संगीताची पूर्वपीठिका फार मोठी आहे. ब्लूज हे अमेरिकेच्या दक्षिणेकडील कृष्णवर्णीयांचे गाणे. गुलामगिरी कायद्याने संपली, पण कापसाच्या शेतांतील हाल संपले नाहीत. त्या हालांतून ते उमलले. जॉन ली हूकर यांच्या ‘बूगी चिलेन’ या १९४८ च्या ध्वनिमुद्रिकेत एकच ठेका गिटारवर घोळत राहतो. ग्रीनबाम यांच्या गीताचा ठेका त्याच घराण्यातला आहे. त्यावर त्यांनी एक वेगळा संस्कार केला. त्यांच्या गिटारीच्या पोटातच स्वर फाडून खरखरीत करणारे ‘फझ’ नावाचे छोटे विद्युत्-यंत्र बसविलेले होते. गीताच्या आरंभी जी गुरगुर ऐकू येते, ती या यंत्राची. पाठीमागचे गायन केले ते ओकलंड येथील स्टोव्हॉल भगिनींनी. या बहिणी गॉस्पेल गायनात, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनामंदिरातील गायनात वाढल्या होत्या. निर्माते एरिक जेकबसन यांनी सान फ्रान्सिस्को येथे या साऱ्याचा मेळ घातला.

‘रिप्रीज’ कंपनीला मात्र या गीताचा भरवसा नव्हता. गीत लांबीने चार मिनिटांचे, आणि शब्द असे. त्याच संग्रहातील दोन गीते अपेशी ठरल्यावर हे स्वतंत्र तबकडीवर निघाले. १९७० साली ते अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर, तर ब्रिटनमध्ये दोन आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. सुमारे वीस लाख तबकड्या खपल्या. पुढे ब्रिटनमध्ये १९८६ साली ‘डॉक्टर अँड द मेडिक्स’ यांनी आणि २००३ साली गॅरेथ गेट्स यांनी ते पुन्हा पहिल्या क्रमांकावर नेले. गेट्स यांच्यासोबत तेथील भारतीय वंशाच्या कुटुंबावरील विनोदी मालिकेतले ‘द कुमार्स’ होते.

या यशाला काळही अनुकूल होता. व्हिएतनामचे युद्ध चालू होते आणि तरुण पिढी परंपरागत उपासनेपासून दूर जाऊनही परमेश्वराचा शोध सोडीत नव्हती. जॉर्ज हॅरिसन यांचे ‘माय स्वीट लॉर्ड’ आणि ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ ही १९७० चीच अपत्ये. मरणानंतर आपण पोरके होणार नाही, हे आश्वासन त्या पिढीला हवे होते. ग्रीनबाम यांनी ते निःसंकोच दिले.

आता आमची हरकत. गीतातील मरणोन्मुख माणूस आपण कधी पाप केलेच नाही असे सांगतो, आणि येशूच्या मैत्रीवर स्वर्गाचा हक्क मांडतो. जो स्वतःला निष्पाप म्हणवितो तो स्वतःलाच फसवितो, असे योहानाचे पहिले पत्र बजावते. प्रत्येक मिस्साच्या आरंभी आपण सर्वांदेखत पापांची कबुली देतो. तथापि आमची हरकत केवळ धर्मशिक्षणाची नाही, ती कलेचीही आहे. काऊबॉयपटातील ज्या दुष्टांवरून हे गीत सुचले, ते दुष्ट आहेत म्हणूनच त्यांचे मरण मनाला चटका लावते. गीतात येताच त्या माणसाचा सारा भूतकाळ पुसला गेला आणि त्याबरोबर नाट्यही गेले. लूकच्या शुभवर्तमानातील क्रुसावरचा चोर आठवावा. आपल्याला योग्यच शिक्षा झाली, हे तो आधी मान्य करतो आणि मगच प्रभूजवळ आठवणीची याचना करतो. त्याच्या प्रार्थनेचे दोन भाग आहेत. ग्रीनबाम यांच्या गीताने दुसरा तेवढा घेतला.

तुलनेसाठी थॉमस डॉर्सी यांचे ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’ पाहू. डॉर्सी प्रथम ब्लूजचेच वादक होते. १९३२ साली त्यांची पत्नी बाळंतपणात दगावली, पाठोपाठ बाळही गेले आणि त्या आघातातून हे गीत आले. थकलेला माणूस येथे कसलाही हक्क सांगत नाही. केवळ हात पुढे करतो. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अंत्यविधीस महेलिया जॅक्सन यांनी तेच गायिले.

मग ग्रीनबाम यांचे गीत टाकाऊ ठरते काय? आम्हांस तसे वाटत नाही. शब्दांनी जे वगळले, ते संगीताने राखले आहे. फाटक्या स्वराच्या त्या गिटारीत धूळ आहे, घाम आहे, शरीराचे जडत्व आहे. निष्पाप माणसाचा आवाज असा नसतो. आणि स्टोव्हॉल भगिनींचे स्वर उंचावतात तेव्हा ज्यांनी दुःख भोगून श्रद्धा टिकविली, त्या समाजाची उपासना ऐकू येते. गाणारा एकटाच स्वर्गाकडे निघाला होता. या भगिनींनी त्याच्यामागे मंडळी उभी केली. हे गीत आजही ऐकावेसे वाटते याचे मोठे श्रेय आम्ही त्यांना देऊ.

पाश्चात्त्य देशांत अनेकजण हे गीत अंत्यविधीसाठी निवडतात. शोकाकुल कुटुंबाला त्याने धीर येत असेल, तर घरी ते जरूर ऐकावे. वेदीसमोर शवपेटी असताना मात्र आपली प्रार्थना वेगळी असते. तेथे आपण मृताच्या निर्दोषत्वाची साक्ष देत नाही. त्याच्यासाठी दया मागतो. ज्याला दया मागता येते, त्याच्याच आशेला वजन असते. ग्रीनबाम यांच्या गिटारीला हे कळले होते, असे आम्हांस वाटते. त्यांच्या शब्दांपर्यंत ते पोहोचले नाही.