जेएसपीमधील टॅग लायब्ररी आणि मराठी मजकुराची एचटीटीपी विनंती : एक चिकित्सा

सारांश : जेएसपी पानांतील जावा संकेतांची गर्दी कमी करण्याचे श्रेय प्रमाण टॅग लायब्ररीला, म्हणजे जेएसटीएलला, दिले जाते. हे श्रेय रास्त आहे. मात्र विनंती हाताळण्याचे काम सोपे करताना या लायब्ररीने विनंतीची घडण अध्यापक व विद्यार्थी यांच्या नजरेआड केली. ही उणीव रोमन मजकुरात लपून राहते आणि मराठी मजकुरात उघडी पडते. प्रस्तुत लेखात वऱ्हाडातील नावांच्या आधारे तिची चिकित्सा केली आहे.

बीजशब्द : जेएसपी, जेएसटीएल, एचटीटीपी, यूटीएफ-८, देवनागरी, अध्यापन.

प्रस्तावना

जेएसपीची पहिली आवृत्ती १९९९ साली आली. पानाची मांडणी आणि जावा संकेत एकाच फाइलमध्ये मिसळल्यामुळे तिची पाने लवकरच दुर्बोध होऊ लागली. जकार्ता टॅगलिब्स प्रकल्पातील रिक्वेस्ट लायब्ररीने विनंतीतील पॅरामीटर, हेडर व कुकी टॅगद्वारे वाचण्याची सोय केली होती. २००२ साली जेएसटीएल १.० आल्यावर अशा स्वतंत्र लायब्ररींची गरज बरीचशी संपली. ज्या कामासाठी पूर्वी पाच-सहा ओळी लिहाव्या लागत, ते एका टॅगमध्ये होऊ लागले.

संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाची स्थापना १ मे १९८३ रोजी झाली. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा व वाशीम हे पाच जिल्हे त्याच्या क्षेत्रात येतात. येथील विद्यार्थ्याचे नाव, आडनाव व गाव मूळ मराठीत असते. प्रवेशाचा वा शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकावर घेणारी कोणतीही प्रणाली या नावांना सामोरी जातेच. म्हणून टॅग लायब्ररीचे मूल्यमापन याच नावांच्या कसोटीवर करणे उचित ठरते.

विनंतीतील अक्षरे

‘वऱ्हाड’ हा शब्द घ्यावा. वाचकाला त्यात व, ऱ्हा, ड अशी तीन अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये मात्र तो व, ऱ, हलन्त, ह, काना व ड अशा सहा संकेतांचा होतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइट घेतो. त्यामुळे हा शब्द अठरा बाइटांचा होतो आणि पत्त्यातून पाठवताना टक्केचिन्हांसह चोपन्न चिन्हांचा. जेएसटीएलच्या लांबी मोजणाऱ्या फंक्शनचे उत्तर ‘सहा’ असे येते. ते वाचकाच्या मोजणीशीही जुळत नाही आणि बाइटांच्या मोजणीशीही नाही.

सर्व्हलेटच्या विनिर्देशानुसार विनंतीत संकेतनाचा उल्लेख नसेल, तर मजकूर आयएसओ-८८५९-१ मधील आहे असे मानले जाते. ब्राउझर फॉर्म पाठवताना हा उल्लेख सहसा करीत नाहीत. परिणामी ‘वऱ्हाड’च्या अठरा बाइटांची अठरा परकी चिन्हे होतात. यावर ‘एफएमटी’ लायब्ररीतील रिक्वेस्टएन्कोडिंग हा टॅग उपाय म्हणून सांगितला जातो. तो उपयुक्त आहे, पण त्याला दोन मर्यादा आहेत. पहिली अशी की, कोणताही पॅरामीटर वाचला जाण्यापूर्वी तो यावा लागतो. आधी एखाद्या फिल्टरने एक जरी पॅरामीटर वाचला, तरी टॅग निष्फळ ठरतो आणि तसे कळवतही नाही. दुसरी अशी की, त्याची हमी विनंतीच्या मुख्य भागापुरती, म्हणजे ‘पोस्ट’पुरती आहे. ‘गेट’ विनंतीत मजकूर पत्त्यातून येतो आणि त्याचे वाचन सर्व्हरच्या मांडणीवर अवलंबून असते. टॉमकॅटच्या सातव्या आवृत्तीपर्यंत पत्त्याचे संकेतनही आयएसओ-८८५९-१ धरले जाई. आठव्या आवृत्तीपासून ते यूटीएफ-८ झाले. एकच पान एका यंत्रावर बरोबर व दुसऱ्यावर चूक चालते, त्याचे कारण पुष्कळदा पानात नसून येथे असते.

हा दोष इतकी वर्षे का जाणवला नाही, याचेही उत्तर आहे. श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या आठ-बिटी फॉन्टमध्ये टंकलेला मराठी मजकूर संगणकाच्या दृष्टीने रोमन चिन्हांचाच असे. तो आयएसओ-८८५९-१ मधून सुखरूप पार होई. युनिकोड आल्यावर मराठी प्रथमच मराठी म्हणून विनंतीत आली आणि जुने गृहीतक उघडे पडले.

बिघाड आणि विनाश

अध्यापनात दोन चुकांमधील भेद स्पष्ट केला पाहिजे. यूटीएफ-८ चे बाइट आयएसओ-८८५९-१ म्हणून वाचले गेले, तर मजकूर बिघडतो, पण मूळ बाइट शाबूत असतात. तो परत मिळवता येतो. याउलट ‘सी:यूआरएल’मध्ये ‘सी:पॅरम’ने मराठी नाव जोडले आणि पानाच्या प्रतिसादाचे संकेतन आयएसओ-८८५९-१ राहिले, तर प्रत्येक संकेताच्या जागी प्रश्नचिन्ह जाते. तेथे ‘कुऱ्हा’ आणि ‘वऱ्हाड’ दोन्ही सहा प्रश्नचिन्हेच होतात. तिवसा तालुक्यातील कुऱ्हा गावचा विद्यार्थी कोठला, हे त्या नोंदीवरून पुन्हा कधीही सांगता येत नाही.

‘सी:इम्पोर्ट’ची अडचण निराळी आहे. दुसऱ्या सर्व्हरवरील मजकूर एका ओळीत आणण्याची त्याची सोय आकर्षक आहे. परंतु पूर्ण पत्ता दिल्यास तो केवळ ‘गेट’ विनंती करतो. हेडर जोडण्याची वा प्रतीक्षेची मुदत ठरवण्याची तरतूद त्यात नाही. समोरच्या सर्व्हरने संकेतन न कळवल्यास येथेही आयएसओ-८८५९-१ च गृहीत धरले जाते. प्रगत विनंतीसाठी हा टॅग अपुरा आहे, हे पाठ्यपुस्तकी उदाहरणांतून कळत नाही.

तिसरा मुद्दा विश्वासाचा. ‘सी:आउट’ हा टॅग मजकुरातील धोकादायक चिन्हे मूलतः निष्प्रभ करून छापतो. २००३ मधील जेएसपी २.० पासून अभिव्यक्ती थेट पानात लिहिता येऊ लागली आणि ‘सी:आउट’ अनावश्यक वाटू लागला. पण थेट लिहिलेली अभिव्यक्ती ही काळजी घेत नाही. ओळ आखूड झाली, त्याबरोबर संरक्षणही गेले.

टॅगच्या आवाक्याबाहेरचा प्रश्न

सर्व संकेतन अचूक ठेवूनही एक प्रश्न उरतो. ‘ऱ्ह’ दोन रीतींनी लिहिता येतो : ऱ व हलन्त यांनी, किंवा र, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह यांनी. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. पण दुसऱ्या रीतीने ‘वऱ्हाड’ सात संकेतांचा व एकवीस बाइटांचा होतो. युनिकोडच्या प्रमाणीकरणानेही ही दोन रूपे एक होत नाहीत. अकोल्याच्या विद्यार्थ्याने ‘वऱ्हाडे’ हे आडनाव एका रीतीने नोंदवले आणि अमरावतीच्या लिपिकाने दुसऱ्या रीतीने शोधले, तर नोंद सापडणार नाही. यासाठी नाव साठवण्यापूर्वी व शोधण्यापूर्वी ते एकाच रूपात आणणारा जावा संकेत लिहावाच लागतो. जेएसटीएलमध्ये त्यासाठी टॅग नाही.

निष्कर्ष

टॅग लायब्ररी त्याज्य आहे, असा या विवेचनाचा अर्थ नाही. जकार्ता नावाखाली ती आजही उपलब्ध आहे आणि तिच्यावर उभ्या असलेल्या प्रणालींची देखभाल करणारे मनुष्यबळ लागणारच आहे. आक्षेप आहे तो टॅगला ज्ञान समजण्याच्या अध्यापनपद्धतीवर. विनंती वाचणे, तपासणे व एकरूप करणे ही कामे सर्व्हलेट व फिल्टरकडे असावीत आणि टॅगकडे केवळ मांडणी असावी. २०१७ च्या सर्व्हलेट ४.० पासून विनंतीचे संकेतन संपूर्ण प्रणालीसाठी एकदाच घोषित करता येते, हेही शिकवले जावे.

प्रात्यक्षिक परीक्षेत रोमन लिपीतील तीन अक्षरांचे नाव टंकून पान तपासले, तर वरीलपैकी संकेतनाचा एकही दोष दिसत नाही. त्याऐवजी ‘वऱ्हाड’ हा एक शब्द ‘गेट’ने व ‘पोस्ट’ने पाठवावा, साठवावा आणि पुन्हा शोधावा. एवढ्या परीक्षेत जे पान टिकेल, तेच या भागातील विद्यार्थ्यांची नावे सांभाळण्यास योग्य ठरेल.