सेरोटोनिन आणि दोन घाईचे निष्कर्ष

जुलै २०२२ मध्ये ‘मॉलिक्युलर सायकिअ‍ॅट्री’ या नियतकालिकात जोआना मॉनक्रिफ व सहकाऱ्यांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. सेरोटोनिन कमी पडल्यामुळे नैराश्य येते याला सुसंगत पुरावा नाही, असे त्याचे सार. ‘म्हणजे त्या गोळ्या निरुपयोगीच!’ असे अनेकांनी त्यावरून ठरवून टाकले. हे तपासून पाहू.

मूळ कल्पना औषधांवरूनच सुचली. १९५०च्या दशकात क्षयावरील इप्रोनियाझिडने रुग्णांना हुरूप येतो असे दिसले. सेरोटोनिन व तशी इतर संदेशवाहक द्रव्ये मोडणाऱ्या विकराला हे औषध अडवते. उलट, सर्पगंधेतील रेसरपिन ही द्रव्ये घटवते आणि ते घेणारे काही रुग्ण उदास झाल्याच्या नोंदी होत्या. यावरून तर्क झाला, की द्रव्याची कमतरता हाच आजार. या तर्काने नव्या औषधांना दिशा दिली. चेतापेशीने सोडलेले सेरोटोनिन तिने परत शोषून घेऊ नये, यासाठी रेणू शोधले गेले. त्यांपैकी फ्लुऑक्सेटिनला अमेरिकेत १९८७ मध्ये मान्यता मिळाली.

तर्कातील खोट विद्यार्थ्यांनाही सहज दाखवता येईल. अ‍ॅस्पिरिनने डोके दुखायचे थांबते, म्हणून डोकेदुखी हा काही अ‍ॅस्पिरिनचा अभाव ठरत नाही. शिवाय शोषण काही तासांतच अडते, पण गुण यायला काही आठवडे लागतात. मधल्या काळात मेंदूत आणखी काही बदल होत असले पाहिजेत. आढाव्याने या जुन्या समजुतीला धक्का दिला, हे योग्यच झाले.

मात्र जिवंत मेंदूतील सेरोटोनिन थेट मोजणे अवघड आहे. त्यामुळे ‘पुरावा सापडला नाही’ याचा अर्थ ‘संबंधच नाही’ असा घेता येत नाही. आणि गोळ्यांचा गुण तर या आढाव्याने तपासलाच नव्हता. तो तपासणारे विश्लेषण २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. ५२२ चाचण्यांच्या त्या विश्लेषणात सर्व २१ औषधे औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरली. फरक मात्र सरासरीने माफक होता.

सेरोटोनिनपलीकडचा शोधही चालू आहे. ग्लुटामेट या दुसऱ्या संदेशवाहकाच्या यंत्रणेवर काम करणाऱ्या एस्केटामिनला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली.

वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी कोणी या गोळ्या घेत असेल. त्या एकाएकी थांबवल्या तर त्रास होऊ शकतो. तो निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावा. स्पष्टीकरण चुकले म्हणून औषध खोटे ठरत नाही, आणि औषध लागू पडले म्हणून स्पष्टीकरण खरे ठरत नाही. या दोन्ही गोष्टी विद्यार्थ्यांना एकत्रच सांगायला हव्यात.