सात्त्विक ताट : शास्त्र की वर्णव्यवस्था?

गेल्या वर्षी वर्गात 'आहार आणि आरोग्य' या विषयावर निबंध लिहून घेतला. एका विद्यार्थिनीने लिहिले, की मांसाहाराने बुद्धी मंद होते, माणूस तामसी बनतो. सात्त्विक आहारच शास्त्रशुद्ध होय. मुलगी आपल्याच वस्तीतली. तिच्या घरी काय शिजते ते मला ठाऊक आहे, कारण माझ्याही घरी तेच शिजत होते. तिने आपल्या आईच्या चुलीविरुद्ध साक्ष दिली होती. ही साक्ष तिच्या तोंडी कोणी घातली, याचा शोध घेणे हे समीक्षेचेच काम आहे.

सात्त्विक, राजस, तामस ही आहाराची विभागणी गीतेच्या सतराव्या अध्यायात आहे. तेथे मांसाचे नावही नाही. तामस म्हणून सांगितले आहे ते शिळे, बेचव, कुजके, उष्टे आणि अपवित्र अन्न. हे अन्न कोणाच्या वाट्याला येत होते? येसकरपाळीला दारोदार फिरून शिळ्या भाकरीचे तुकडे गोळा करणाऱ्या महाराच्या. ज्या व्यवस्थेने उष्टे वाढले, तिनेच उष्टे खाणाऱ्याला तामस ठरवले. वर्गवारी अन्नाची, पण शिक्का बसला तो खाणाऱ्यावर.

शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' (२०१५) या पुस्तकाचे मोल येथेच आहे. मराठवाड्यातील महार-मांगांचे अन्न त्यांनी कसलीही लाज न बाळगता नोंदवले. परंतु नोंदीने लाज जाते. मिथक जायला पुरावा लागतो.

पुरावा काय सांगतो? मांसाने बुद्धी मंदावते याला आधार नाही. उलट, बी-१२ हे जीवनसत्त्व निसर्गतः प्राणिज पदार्थांतूनच मिळते आणि ते कमी पडले तर रक्त व मज्जासंस्था दोन्ही बिघडतात. मांस, काळीज, रक्ती यांतले लोह शरीर पालेभाजीतल्या लोहापेक्षा सहज शोषून घेते. पूर्णान्न म्हणून गौरवलेल्या दुधात लोह अगदीच थोडे असते. रक्तक्षयाची कारणे अनेक असली, तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, हे विसरून चालणार नाही.

हीच फूटपट्टी आपण स्वतःलाही लावली पाहिजे. मांसावाचून ताकद येत नाही, हेही मिथकच. भाकरीच्या प्रथिनात लायसिन कमी, डाळीत ते भरपूर. दोन्ही एकत्र खाल्ली की उणीव भरून निघते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक आणि तांबडे मांस बहुधा कर्करोगकारक ठरवले. तेव्हा केवळ 'आपले' म्हणून कोणतेही अन्न निर्दोष ठरत नाही. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मृत जनावराचे मांस सोडण्यास सांगितले, ते स्वाभिमानासाठी. मांसच हीन, असा त्याचा अर्थ लावणे ही फसवणूक आहे.

हा वाद निबंधापुरता नाही. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचे ठरवले, न खाणाऱ्यांना केळे. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांचा निधी थांबवला आणि अंडी द्यायची तर शाळांनी लोकसहभागातून पैसा उभा करावा, असे सांगितले. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने असतात, बी-१२ असते. केळ्यात बी-१२ नाही. ज्यांच्या घरी डाळही मोजून शिजते, त्या मुलांसाठी हा फरक लहान नाही. आणि ज्या समाजाला अंड्यात पोषणाआधी विटाळ दिसतो, त्याला असा निर्णय सहज पचतो.

मी त्या मुलीच्या निबंधातील प्रत्येक विधानापुढे 'पुरावा?' एवढेच लिहून वही परत केली. दुसऱ्या खेपेला तिने आईला विचारून रक्तीची कृती लिहून आणली आणि खाली लोहाचा हिशेब मांडला. हिशेबात एक चूक होती. ती आम्ही दोघांनी मिळून दुरुस्त केली.