२०१३चे मराठी चित्रपट : आपली पसंती कोणाला?

२०१३ सालासाठीचे एकसष्टावे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार २०१४च्या एप्रिलमध्ये जाहीर झाले, तेव्हा मराठीच्या ओंजळीत बरंच काही पडलं. चंद्रकांत कुलकर्णींचा ‘आजचा दिवस माझा’ सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. नागराज मंजुळे यांना ‘फँड्री’साठी पदार्पणाचा इंदिरा गांधी पुरस्कार आणि त्यातल्या सोमनाथ अवघडेला बालकलाकाराचा पुरस्कार मिळाला. ‘अस्तु’ला संवादलेखनाचा आणि सहायक अभिनेत्रीचा, सतीश मनवरांच्या ‘तुह्या धर्म कोंचा’ला सामाजिक विषयावरचा, तर महेश लिमयेंच्या ‘यलो’ला परीक्षकांचा विशेष पुरस्कार गेला. एका वर्षात इतकी निरनिराळ्या जातकुळीची चांगली कामं क्वचितच जमून येतात. अशा वर्षाची उजळणी करताना मराठवाड्यातल्या कंधारच्या प्रेक्षकाने पहिला क्रमांक कोणाला द्यावा? माझं उत्तर ‘फँड्री’ आहे. जो चित्रपट अन्यायाकडे बाहेरून पाहण्याची सोय प्रेक्षकाला ठेवत नाही तो वरचा, ही त्यामागची कसोटी.

या कसोटीवर ‘आजचा दिवस माझा’ आधी तपासायला हवा, कारण आपुलकीचा कौल त्याच्याच बाजूने जाईल. चंद्रकांत कुलकर्णी आणि लेखक प्रशांत व अजित दळवी ही औरंगाबादच्या रंगभूमीवर घडलेली मंडळी; म्हणजे चित्रपट मुंबईचा असला तरी माणसं आपलीच. त्याची बांधणी चोख आहे. एका वृद्ध अंध गायकाचं घर सरकारी फायलीत अडकलेलं असतं. मुख्यमंत्र्याच्या मनाला ती गोष्ट लागते आणि रातोरात यंत्रणा हलते. सचिन खेडेकरांचा मुख्यमंत्री आणि महेश मांजरेकरांचा अधिकारी यांच्यातली जुगलबंदी रंगतेही. पण काम होतं ते वरच्याला पाझर फुटतो म्हणून. तो फुटला नसता तर फाईल तिथेच राहिली असती, आणि या शक्यतेपाशी चित्रपट थांबत नाही. भाई केशवराव धोंडगे यांनी शेकापच्या झेंड्याखाली दशकानुदशकं मोर्चे काढले, त्या कंधारला हक्क मागून घ्यावा लागतो हे वेगळं सांगायला नको. साहेबांच्या चांगुलपणावर संपणारी गोष्ट इथे गोड वाटेल, पण पुरी वाटणार नाही.

‘फँड्री’त साहेब नाहीच. कैकाडी कुटुंबातला जब्या शाळेत जातो, वर्गातल्या शालूवर जीव लावतो, आणि बापासोबत गावातली डुकरं धरताना त्याच शालूच्या डोळ्यांदेखत उघडा पडतो. राष्ट्रगीत सुरू होताच डुकरामागे धावणारं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं; मेलेलं डुक्कर खांद्यावरून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर फुले, आंबेडकर, गाडगेबाबा रंगवलेले दिसतात. कोणी भाषण करत नाही. राष्ट्र आणि सुधारक दोघेही त्या गावात हजर आहेत, आणि तरीही हे घडतं, एवढंच कॅमेरा दाखवतो. टवाळी करणारे पोरगे खलनायक नाहीत, कुठल्याही पारावर भेटतील असे आहेत. म्हणून शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो, तेव्हा ती निव्वळ चमत्कृती राहत नाही. तासाभराहून अधिक काळ मजा बघणाऱ्या गर्दीतच आपली जागा होती, त्याचा तो हिशेब आहे.

यावर तीन आक्षेप संभवतात. पहिला : ‘फँड्री’ला डावललं कुठे? राष्ट्रीय पुरस्कारांच्या त्या यादीत पदार्पणाला सुवर्णकमळ आहे आणि भाषेतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाला रजतकमळ. हे खरं आहे, आणि म्हणूनच माझी तक्रार परीक्षकांविरुद्ध नाही. परीक्षक विभागवार निवडतात. प्रेक्षकाला सगळे चित्रपट एकाच रांगेत लावता येतात, ते काम त्याने टाळू नये. ‘पदार्पण’ या शब्दाने त्याने बिचकण्याचंही कारण नाही. ‘श्वास’ हा संदीप सावंतांचा पहिलाच चित्रपट देशात सर्वोत्कृष्ट ठरला होता. दुसरा आक्षेप असा की २०१६च्या ‘सैराट’च्या झगमगाटात ‘फँड्री’ मोठा दिसतो. पण राष्ट्रगीताचा तो प्रसंग ‘सैराट’च्या आधी चित्रित झाला होता, आणि त्याचं वजन तिकीटबारीवर ठरलेलं नाही. तिसरा आक्षेप वजनदार आहे : कसोटी सामाजिकच का? माणूस म्हणजे काय, हे विचारणारा ‘अस्तु’ मागे का? स्मृती गमावत चाललेला संस्कृत पंडित हत्तीमागून निघून जातो आणि कानडी बोलणारी माहुताची बायको त्याला लेकरासारखं सांभाळते. मोहन आगाशे आणि अमृता सुभाष यांचे हे प्रसंग त्या वर्षातल्या सर्वोत्तम अभिनयात मोडतात, आणि उदगीर-देगलूरच्या पट्ट्यात कानडी-तेलुगू कानावर पडणाऱ्यांना तर ती बाई परकी वाटणारच नाही. अभिनयापुरता निवाडा असता तर मी ‘अस्तु’लाच कौल दिला असता. पण त्यातली करुणा प्रेक्षकाला निवांत करते, आणि ‘फँड्री’ तसं करू देत नाही.

म्हणून माझा क्रम असा : ‘फँड्री’, मग ‘अस्तु’, मग ‘आजचा दिवस माझा’. धर्मांतराच्या ओढाताणीत सापडलेल्या आदिवासींचा ‘तुह्या धर्म कोंचा’ विषयाने मोठा आहे, आणि गौरी गाडगीळने स्वतःचीच भूमिका केलेला ‘यलो’ जिद्दीने भारावतो. पण हे दोन्ही चित्रपट प्रेक्षकाची बाजू आधीच ठरवून देतात. ‘यलो’चे निर्माते रितेश देशमुख लातूरचे, हा अभिमान रास्त असला तरी त्याने क्रम बदलू नये. मातीचं नातं नावांच्या यादीत शोधलं तर मराठवाड्याच्या वाट्याला कौतुक येईल. ते गावगाड्याच्या व्यवहारात शोधलं तर करमाळ्याच्या दिग्दर्शकाचा चित्रपटही कंधारचा ठरतो.