‘फक्त पावसाळ्यापुरतं’ : गच्चीवरच्या छपराला दिलेल्या सवलतीची चिकित्सा

आजचा विषय ऐकायला रुक्ष आहे. इमारतीच्या गच्चीवर काही महिन्यांसाठी तंबू, मांडव किंवा शेड उभारली तर बांधकामाचे नियम तिला सवलत देतात. ही सवलत ज्या शब्दांत लिहिली आहे, ते शब्द आज आपण तपासणार आहोत. नियम हाही एक मजकूरच असतो. त्यात काय लिहिलंय आणि काय गृहीत धरलंय, हे वाचणाऱ्याने विचारायलाच हवं.

आपल्याकडच्या विकास नियंत्रण नियमांत तात्पुरत्या बांधकामांची एक ठरलेली यादी असते. तिच्यात पहिल्याच ओळींत पावसापासून संरक्षणासाठीची छपरं आणि फक्त पावसाळ्यापुरतं गच्चीचं आच्छादन येतं. त्यानंतर जत्रा, समारंभ, धार्मिक कार्यक्रमांचे मांडव येतात. मुदत काय? एका वेळी सहा महिन्यांपेक्षा जास्त नाही आणि सगळी मिळून तीन वर्षांपेक्षा जास्त नाही. आता गंमत बघा. पावसाळा चार महिन्यांचा, परवानगी सहा महिन्यांपर्यंतची, आणि ती पुन्हा मिळू शकते. मग ‘फक्त’ या शब्दाचं काय राहिलं?

अमेरिकेत बरीच राज्यं आणि शहरं ज्या नमुना अग्निसंहितेवरून आपले नियम करतात, तिच्यातही असंच आहे. एका जागेवर तंबू बारा महिन्यांत १८० दिवसांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. दोन देश वेगळे, हवामान वेगळं, पण मोजपट्टी एकच : दिवस. माझा मुख्य आक्षेप इथे आहे. सवलत दिवस मोजते. वारा आणि आग दिवस मोजत नाहीत.

त्याच अमेरिकी संहितेत आणखी एक कलम आहे. तंबू आणि इमारत यांच्यात किमान २० फुटांचं अंतर हवं. मैदानावर हे अगदी शहाणपणाचं आहे. पण तंबू गच्चीवर चढवला की इमारत त्याच्या पायाखालीच असते, अंतर शून्य. आपल्या भारतीय मानक ८७५८ मध्येही, जे मांडवांच्या अग्निसुरक्षेविषयी आहे, चहूबाजूंना मोकळी जागा सोडायला सांगितलंय. म्हणजे दोन्हीकडे नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मैदान होतं. मैदानावरच्या मांडवातून माणूस कनात उचलून चारी दिशांना पळू शकतो. गच्चीवरून पळायला एखाददुसरा जिनाच असतो. मैदानासाठी लिहिलेली सवलत आपण लिफ्टमध्ये घालून वर नेली, आणि सोबत जिना मोजायचा विसरलो.

याची किंमत मुंबईने मोजली आहे. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिल आवारात गच्चीवरच्या दोन शेजारशेजारच्या पबना आग लागली. १४ जण गेले, बरेचसे स्वच्छतागृहात गुदमरून. आग इतकी झपाट्याने पसरली, त्यात वरच्या ज्वलनशील आच्छादनांचा मोठा वाटा होता. तारीख पुन्हा पाहा : डिसेंबर. पावसाचा थेंब नाही, तरी डोक्यावर आच्छादन होतं.

आता वाऱ्याकडे येऊ. काही जण म्हणतील, तात्पुरत्या गोष्टीला सवलत द्यायचीच नाही का? द्यायची. अभियंतेही देतात. भारतीय मानक ८७५, भाग ३ मध्ये मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय. तात्पुरत्या शेडसाठी, तिचं आयुष्य पाच वर्षं मानून, तो ०.७३ ने गुणायचा. म्हणजे साधारण ३२ मीटर, ताशी सुमारे ११५ किलोमीटर. ही सवलतच आहे, पण माफी नाही. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. सवलत देऊन उरलेला आकडा एवढा खरा असतो.

या वेगाला दर चौरस मीटरला साधारण ६३ किलो दाब येतो. गच्चीवर २० चौरस मीटरचा छोटा मांडव धरा. उंचीचा परिणाम न धरता, ढोबळ हिशेबाने त्याला वर उचलणारं बळ सव्वा टनाच्या घरात जाऊ शकतं. आपण तो बांधतो कशाने? सुतळी, नायलॉनची दोरी आणि चार वाळूच्या गोण्या. स्लॅबला बोल्ट मारले तर वॉटरप्रूफिंग फुटतं, म्हणून कोणी मारत नाही. वजन ठेवायचं तर २०० लिटरचे सहासात पाण्याने भरलेले पिंप लागतील, आणि ते जुन्या स्लॅबला पेलतील का, हे कोणी विचारत नाही. परवानगीच्या अर्जात तारीख असते. हा हिशेब कुठे असतो?

आणि ऋतूचं म्हणाल, तर शेड उभी राहते मे महिन्यात, वळवाच्या वादळांत. घाटकोपरचं होर्डिंग १३ मे २०२४ ला पडलं, १७ जण दगावले. ते होर्डिंग होतं, मांडव नव्हता, हे मान्य. पण वारा तोच. शेड उतरवायची वेळ येते तेव्हा परतीच्या पावसाचे गडगडाट सुरू असतात. कॅलेंडरची दोन्ही टोकं वाऱ्याच्या दृष्टीने नाजूक आहेत.

तरीही मी सवलत बंद करा म्हणणार नाही. जुन्या इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला विचारा. गच्ची गळते, दुरुस्तीवर सोसायटीचं एकमत होत नाही, आणि पावसाळा थांबत नाही. त्याला ताडपत्री किंवा पत्रा हवाच. अडचण अशी की त्याची ताडपत्री आणि शंभर माणसं बसवणारं हॉटेलचं छप्पर एकाच सवलतीच्या शब्दांत बसतात. गरजवंताच्या नावाने लिहिलेली ओळ धंदेवाल्याच्या कामी येते.

म्हणून सवलत दोन भागांत लिहावी. जिथे खाली माणसं जमत नाहीत, तिथे साधा अर्ज, स्वस्त शुल्क, झटपट परवानगी. जिथे माणसं जमणार, तिथे दिवस कितीही कमी असोत, जिने मोजलेले हवेत, कापड आग न धरणारं हवं, खाली उघडी आग नको, आणि बांधणीवर अभियंत्याची सही हवी. अमेरिकेच्या २०२४ च्या नमुना बांधकाम संहितेने लोक जमतात अशा तात्पुरत्या रचनांसाठी भाराची वेगळी कलमं घातली आहेत. तेव्हा हे अशक्य नाही. शिवाय दोन्हीकडे अनामत रक्कम घ्यावी आणि छप्पर उतरवल्याचा फोटो दिला की परत करावी. नाहीतर मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी जिना चढून वर कोण जाणार?

पुढच्या वेळी तुमच्या सोसायटीत ‘पावसाळ्यापुरतंच आहे’ असं कोणी म्हणालं, तर एवढंच विचारा : याच्याखाली किती माणसं बसणार आणि ती खाली कशी उतरणार?