बाहुलीची मान आणि बाहुलीचा वेश

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात जाणता माणूस बैलाच्या रंगवलेल्या शिंगांना भुलत नाही, दात बघतो. जुन्या जर्मन बाहुल्यांचे संग्राहकही तसेच. केस बाजूला सारून ते आधी मानेमागचा शिक्का वाचतात.

या बाहुल्यांचं डोकं 'बिस्क'चं, म्हणजे चकाकीचा थर न दिलेल्या पोर्सेलिनचं. साच्यातून काढून भाजायचं, गाल-भुवया रंगवायच्या, पुन्हा भाजायचं. चकाकी नसल्यामुळे चेहरा कातडीसारखा मऊ दिसतो. थुरिंगिया प्रांतात हा उद्योग फोफावला. तिथल्या आर्मांड मार्सेल कारखान्याचा ३९० क्रमांकाचा साचा विलक्षण खपला. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, म्हणून मानेवर 'जर्मनी'ही सापडतं.

आता गंमत बघा. याच ३९० ला आल्प्सकडचा झगा घातला की ती तिकडची शेतकरीण होते आणि चौकटीचं कापड गुंडाळलं की स्कॉटिश. चेहरा तोच! कारागिरी सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. माझा आक्षेप 'पारंपरिक लोकवेश' या पाटीला आहे. तर्कशास्त्रात आपण सामान्य आणि विशेष असा भेद करतो. इथे एका वेशाला अख्ख्या लोकसमूहाचं 'सामान्य' ठरवलं जातं आणि तो अंगावर घालणारी विशेष बाई गळून पडते. झोनेबर्ग भागात घरी बसून हे काम करणाऱ्या बायका-पोरांचं नावही मानेवर नसतं.

यात काय बिघडलं, असं कुणी म्हणेल. १९३८ साली साल्झबुर्गमध्ये ज्यूंना हाच लोकवेश घालायला बंदी झाली. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्या माणसांना! साच्यातल्या बाहुलीला मात्र तिचं कूळ कुणी विचारलं नाही. वेश हा आपलेपणाचा दाखला झाला की तो कुणाकडून तरी काढून घेता येतो.

आपली लाकडी ठकी आठवा. तिचं लुगडं लाकडावरच रंगवलेलं. ती कुठल्या प्रांताची, हे पोरी विचारत नसत. तिचं लग्न लावायचं, एवढंच त्यांना ठाऊक. पुढे १९६५ मध्ये दिल्लीत शंकर यांचं बाहुली संग्रहालय उघडलं. देशोदेशीच्या आणि आपल्या प्रांतोप्रांतीच्या बाहुल्या तिथे काचेआड उभ्या आहेत. मुलांना जग दाखवायचा तो हेतू मोठाच होता. पण महाराष्ट्राची बाहुली म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे नऊवारी आणि नथच येते. आपल्याकडे कांदा काढणारी बाई साडीवर पुरुषाचा जुना शर्ट चढवते. धूळ, ऊन, कांद्याची पात, सगळ्यांपासून तो राखतो. हा आजचा खरा लोकवेश. त्याची बाहुली कुणी केल्याचं मी तरी पाहिलं नाही.

म्हणून बाहुली जरूर बघा, कौतुकही करा. फक्त पाटी वाचताना एक विचारा: हा वेश कोण घालत होतं, आणि कोणतं काम करताना?